दोन डब्यांवरची बारीक अक्षरे

गेल्या थंडीत आमच्या आत्याबाईंच्या टाचेतून रक्त आले. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल ठिपके उमटले होते आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. मी ओरडले, तेव्हा त्या खाली बघून म्हणाल्या, "माय, हे कुणाचं गं रगत?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरीच्या पुढे. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी सडकेच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे परभणीला गवंड्याच्या हाताखाली विटा आणि माल वाहिला, तोही बहुतेक अनवाणीच. त्यांच्या टाचा मऊ असलेल्या कोणी पाहिल्याच नाहीत. थंडी आली की भेगा पडायच्या, त्या मेण आणि खोबरेल तापवून भेगांत भरायच्या, होळीपर्यंत भेगा बुजायच्या. घरात कोणी ते मनावर घेत नसे. पण चार वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली आणि भेगांची गोष्ट बदलली. ते आम्हाला कळले नव्हते, एवढेच.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी जखम धुतली, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. मग एका बोथट काडीने तळपायाला ठिकठिकाणी स्पर्श करून विचारले, "आजी, इथं कळतं का? इथं?" आत्याबाईंना पाचातल्या दोन जागा कळल्या. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर होतात, घामही कमी येतो, म्हणून कातडी कोरडी पडते, फुटते आणि फुटलेली समजत नाही, असे मॅडमनी सांगितले. तळपायाला तेलाच्या ग्रंथी मुळातच नसतात, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. गरम मेण भरण्याचे ऐकून तर त्यांनी कपाळाला हातच लावला. बधिर पायाला चटका बसला तरी कळणार नाही. निघताना म्हणाल्या, "जखम भरली की रोज साधं मॉइश्चरायझर लावा. बोटांच्या बेचक्यात मात्र लावू नका, तिथं ओल राहते."

तीन आठवड्यांनी जखम भरली आणि प्रश्न उभा राहिला, साधे म्हणजे कोणते?

आमच्या फळीवर त्या वेळी दोन वस्तू होत्या. एक पेट्रोलियम जेलीची डबी. आपण सगळे हिला व्हॅसलीनच म्हणतो, मग कंपनी कोणतीही असो. पोरांचे पप्पा ती मेडिकलमधून आणतात, साठ-सत्तर रुपयांत थंडी निघते. दुसरी चारशे मिलीची लोशनची बाटली. ती मी आणली होती, साडेतीनशे रुपये मोजून. बाटलीवर दोन बदाम, त्यांतून ओघळणारे दूध, आणि नावात 'ग्लो' हा शब्द. ती मी का आणली ते पुढे सांगते. आत्याबाईंना मी महिनाभर त्या बाटलीतलेच लावत होते. महाग ते चांगले, दुसरे काय! त्यात वासही छान. आता कळते की भेगांतल्या उघड्या कातडीला सेंट झोंबायला हवा होता. आत्याबाईंना तो झोंबत नव्हता, आणि ते मी चांगले लक्षण समजत होते.

आमची थोरली डी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या रात्री जेवणे झाल्यावर ती दोन्ही वस्तू घेऊन दिव्याखाली बसली. "आई, औषधाचं नाव समोर असतं, पण क्रीमचं खरं मागं असतं," म्हणाली. मीही चष्मा लावला. अंगणवाडीत रजिस्टर लिहून माझे डोळे बारीक अक्षरांना सरावले आहेत, पण ती अक्षरे मुंगीएवढी होती आणि इंग्रजीत.

डबी एका ओळीत संपली. पांढरी पेट्रोलियम जेली. बस. (काही कंपन्यांच्या डब्यांत सुवास आणि थोडे ई जीवनसत्त्वही असते. आमच्या डबीत नव्हते.)

बाटलीवर मात्र सत्तावीस नावे होती. ती मोठ्याने वाचू लागली आणि आम्ही ऐकू लागलो. पहिले नाव, पाणी.

"पाणी?" आत्याबाई उठूनच बसल्या. "साडेतीनशे रुपयाचं पाणी आणलं का गं तू?"

थोरलीने नियम सांगितला, तो भगिनींनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची नावे छापताना, जे एक टक्क्याहून जास्त आहे ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागते. सगळ्यांत जास्त ते पहिले. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ त्यानंतर येतात, पण ते कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. म्हणजे यादी वरून खाली वाचली की बाटलीत काय किती आहे त्याचा अंदाज येतो. लोशनमध्ये पाणी पहिले असते याचा अर्थ त्यात सगळ्यांत जास्त पाणीच असते.

"मग बदाम कुठाय?" मी विचारले.

बदाम शोधायला वेळ लागला, कारण तो बदाम या नावाने नव्हताच. यादीत झाडांची नावे लॅटिनमध्ये असतात. 'प्रूनस अमिग्डॅलस डल्सिस' हे लांबलचक नाव म्हणजे आपला गोड बदाम. तो खालून चौथा होता. त्याच्या बराच वर 'फेनॉक्सीइथेनॉल' हे नाव होते. थोरलीने तिथे बोट ठेवले. हा पदार्थ लोशन सडू नये म्हणून घालतात आणि तो एक टक्क्याहून जास्त घालायला परवानगीच नाही. म्हणजे त्याच्या खाली जे काही लिहिले आहे, ते सगळे एक टक्का किंवा त्याच्या आतले. हिशेब मीच केला. चारशे मिलीच्या बाटलीत बदामतेल जास्तीत जास्त चार ग्रॅम. चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. कमीत कमी किती, ते बाटली सांगत नाही. थेंबभरही असू शकते. समोरचे चित्र मात्र अर्ध्या बाटलीएवढे.

यात खोटे काही छापलेले नाही, हे मला जास्त लागले. सगळे खरेच होते, फक्त मागच्या बाजूला होते.

दुसरे नाव ग्लिसरीन. ते आपल्या माहितीचे, ओठांना लावायचे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. तिसरे मिनरल ऑइल. आपण ज्याला लिक्विड पॅराफिन म्हणतो तेच हे, आणि तेही खनिज तेलातूनच निघते. म्हणजे डबीतल्या जेलीचा हा पातळ भाऊ. जिला स्वस्त म्हणून मी बाजूला सारले होते, तिचेच नाते बाटलीत तिसऱ्या जागेवर बसले होते! मग सीटिल अल्कोहोल आले. आत्याबाईंनी लगेच विचारले, "दारू हाय का त्यात?" थोरली हसून म्हणाली, "आजी, नावालाच अल्कोहोल. ते मेणासारखं घट्ट असतं, कातडी मऊ करतं."

मग स्टिअरिक ॲसिड. इथे ती जरा थांबली, कारण कॉलेजात प्रॅक्टिकलला हे तिने स्वतः वापरले होते. व्हॅनिशिंग क्रीम करायला दोन भांडी घेतात. एकात स्टिअरिक ॲसिड वितळवतात, दुसऱ्यात पाणी, ग्लिसरीन आणि थोडा क्षार. दोन्ही सत्तर अंशांच्या आसपास तापवतात आणि एक दुसऱ्यात ओतून ढवळत राहतात. थंड होताना पांढरे दाट क्रीम तयार होते. थोड्या ॲसिडचे क्षाराशी मिळून साबणासारखे काही बनते आणि तेच तेल-पाणी एकत्र बांधून ठेवते. "पहिल्यांदा माझं फाटलं," ती म्हणाली, "दुधासारखं. सरांनी परत करायला लावलं." कोकणातले कोकमतेल बाजारात घट्ट गोळ्यासारखे मिळते आणि लोक ते पायाच्या भेगांना लावतात, त्यातही हेच स्टिअरिक ॲसिड चरबीच्या रूपात भरपूर असते, असेही तिने सांगितले. ज्या बायांनी ते पहिल्यांदा टाचेला चोळले, त्यांना हे नाव कोणी सांगितले नव्हते.

आता जेलीची गोष्ट. मला वाटायचे की जेली कातडीला ओलावा देते. ती काहीच देत नाही. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो. ती कातडीवर झाकण घालते, म्हणजे आतले पाणी उडून जात नाही. आणि या कामात तिच्या तोडीची वस्तू क्वचित सापडते. थोरलीने आजीला समजेल असे सांगितले, "तू भिंती बांधताना विटांमध्ये माल भरायचीस ना? कातडीचा वरचा थर तसाच. पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे माल. माल झडला की भिंतीला फटी पडतात, आतलं पाणी उडतं. जेली म्हणजे वरून केलेला गिलावा." आत्याबाई लगेच म्हणाल्या, "गिलाव्याआधी भिंत भिजवावी लागते. कोरड्या भिंतीवर गिलावा धरत न्हाई."

डी. फार्मसीच्या पुस्तकात हे असेल तर असो, पण मला ते आत्याबाईंच्या तोंडून पटले. कोरड्या टाचेवर जेली थापून फारसा उपयोग नाही. पाय धुवावा, अलगद टिपावा आणि कातडी अजून ओलसर आहे तोवर लावावी.

या जेलीचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये टायटसव्हिल म्हणून गाव आहे, तिथे १८५९ साली तेलाची विहीर लागली. उपशाच्या दांड्यांवर एक चिकट मेणचट थर जमायचा, यंत्र अडायचे, मजूर वैतागायचे. पण कापले-भाजले की तोच मळ ते जखमेवर लावायचे. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या केमिस्टने ते पाहिले, तो मळ नेऊन शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतले. पेटंट त्याचे झाले. आधी लावून बघणाऱ्या मजुरांची नावे कुठे राहिली नाहीत. शुद्ध करणे हे मोठे काम होते, ते नाकारत नाही. कच्चा मळ अंगाला लावण्यासारखा नसतो. म्हणून सुटी, बिननावाची जेली घेऊ नये. मेडिकलमध्ये डबीवर 'आय. पी.' अशी अक्षरे असली की ती भारतीय औषधकोशाच्या कसोटीची समजावी.

इथवर सगळे हसतखेळत चालले होते. मग यादीत नायसिनामाइड आले, त्याच्या खाली टायटॅनियम डायऑक्साइड आणि मायका.

थोरलीचा आवाज जरा खाली आला. "हे ब-३ जीवनसत्त्व. कातडीला चांगलं असतं, डाग थोडे फिके करतं. जन्माचा रंग बदलत नाही. आणि टायटॅनियम म्हणजे पांढरा रंग आई, भिंतीच्या रंगात असतो तो. मायका म्हणजे अभ्रक, चमकायला. धुतलं की गेलं." मग बाटली पुढच्या बाजूला फिरवून तिने 'ग्लो' या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "आई, हे कुणासाठी आणलं होतंस?"

मी म्हणाले, "थंडी आहे म्हणून आणलं."

"थंडीला डबी होती की."

मला उत्तर देता येईना. आमची थोरली सावळी आहे, आत्याबाईंवर गेली आहे. तिला बघायला पाहुणे येणार असे पक्के झाले, त्याच आठवड्यात मी ती बाटली आणली होती. शिक्षण पुरे झाल्याशिवाय लग्न नाही, हे आमचे ठरलेले. तरी स्थळ चांगले, बघून जाऊ द्या, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. अंगणवाडीतल्या पोरांना मी सगळ्या रंगांची गाणी शिकवते. आणि माझ्याच पोरीच्या रंगावर साडेतीनशे रुपये खर्च करून आले होते, तेही न सांगता. तिने चार दिवस ते तोंडाला लावलेही होते. का लावते आहे ते तिला ठाऊक होते, मला वाटत होते की तिला ठाऊक नाही.

आत्याबाईंनी माझी बाजू घेतली, त्याने मी आणखीच ओशाळले. "अगं, माय हाय ती. लोकं रंग बघतेत. मला बघाया आल्ते तवा माझ्या सासूनं हात बघितले, खडी फोडणाऱ्या पोरीचा हात कसा असतो ते. आता तोंड बघतेत."

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले, हे मी पेपरात वाचले होते आणि बरे वाटले होते. जाहिरातींच्या परिषदेने २०१४ मध्येच सांगितले होते की सावळ्या माणसाला नोकरी मिळत नाही, लग्न जमत नाही, असे जाहिरातीत दाखवू नका. तेही चांगलेच झाले. पण 'फेअर'च्या जागी 'ग्लो' आल्याने माझ्यासारखीची सोय झाली, हेही खरे. 'गोरे करणारे द्या' असे दुकानात मागायला मला लाज वाटली असती. 'ग्लोवाले द्या' म्हणायला काही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थांबले. तिथे माळेसारख्या लटकणाऱ्या पुड्या असतात, दोन रुपयांची, पाच रुपयांची, दहा रुपयांची क्रीमे. वस्तीतल्या बाया याच घेतात. मोठी बाटली घ्यायला एकदम पैसे कुणाकडे असतात? मी तीन पुड्या घेऊन उलटून पाहिल्या. दोघींच्या मागे घटकांची यादीच नव्हती. दुकानदार खोटा माल विकतो, असेच मला वाटले. थोरली म्हणाली, "नाही आई, नियमच तसा आहे. तीस ग्रॅम किंवा साठ मिलीपर्यंतच्या छोट्या पाकिटावर यादी छापली नाही तरी चालते."

जागा पुरत नाही म्हणून ही सूट, ते मला समजते. पण बाटली घेणारीला यादी मिळते आणि पुडी घेणारीला मिळत नाही, यात जागा कुणाची कमी पडते ते मला त्या दिवशी दिसले. आता मी पुडी घेणारीला सांगते की त्याच कंपनीची मोठी बाटली दुकानात हातात घ्या, मागचे वाचा किंवा पोरांकडून वाचून घ्या आणि मग पुडी घ्या. दुकानदार कुरकुरतो. आणि ज्या क्रीमने आठवड्यात रंग उजळतो, त्यावर कंपनीचे नाव-पत्ताही नसतो, ते मात्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पाऱ्याने मूत्रपिंडे जातात. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण आढळले होते.

आता लोशनच्या बाजूनेही बोलायला हवे, नाहीतर मी एकीकडून दुसरीकडे जाऊन पडेन. लोशन वाईट नाही. ते पसरते, मुरते, चिकट होत नाही. जेली लावलेल्या पायाला धूळ चिकटते, चादरीला डाग पडतो, उन्हाळ्यात तर हात लावावासा वाटत नाही. आठ वेळा भांडी धुणारीने आठ वेळा हाताला जेली लावली तर तिच्या हातात भांडे राहणार नाही. तिथे ग्लिसरीन वर असलेले, साधे, बिनवासाचे लोशन बरे. टाचेला जेली, हाताला लोशन, असा आमच्या घरचा निकाल लागला. पुढच्या खेपेला मॅडमनी आत्याबाईंच्या जाड झालेल्या कडांसाठी युरिया असलेले मलम लिहून दिले. आत्याबाई म्हणाल्या, "युरिया? पिकाला टाकतेत तो?" मॅडम म्हणाल्या, हो, पदार्थ तोच, आणि आपल्या कातडीतही तो थोडा असतोच. त्यावर त्या दिवसभर खूश होत्या.

रोज रात्री मी कोमट पाणी घेते. आधी पाण्यात माझा हात घालून बघते, त्यांच्या पायावर आता भरवसा नाही. पाय भिजत ठेवत नाही, धुऊन लगेच टिपते. बेचके कोरडे करते. तळवा दिव्याकडे वळवून कुठे नवी फट, फोड, लाली आहे का ते पाहते. मग टाचेला जेली आणि वर सुती मोजा. दगडाने घासणे आणि ब्लेडने कडा कापणे बंद. घरातही चप्पल घालायची, यावरून रोज भांडण होते. "घरात चप्पल घालून मी काय सायबीण हाय का?" असे त्या म्हणतात आणि घालतात.

पाहुणे रविवारी आले. सकाळी मी चहाची भांडी घासून उठले तेव्हा थोरली आवरून उभी होती. पिवळी साडी, केसांना तेल, तोंड नुसते पाण्याने धुतलेले. तिने फळीवरची बाटली काढली. मी काही बोलणार तोच तिने माझा ओला हात ओढून घेतला, बाटली दाबली आणि बोटांच्या पेरांपर्यंत लोशन चोळत म्हणाली, "किती फुटलेत बघ. तुलाच लागतं हे." बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ती दुसरा हात पुढे कर म्हणाली.